काजळीवरचा पट्टा

चांदपाशाला अक्कल नव्हती असं नाही. अक्कल होती, जीभ आवरत नव्हती. औशाचा माणूस, बाप कल्हईवाला, आणि हा घरातला पहिला सरकारी नोकर. भूकंप मोजणाऱ्या खात्यात त्याचं काम एकच, यंत्र सांभाळायचं. पण बोरतळीत उतरला त्या दिवसापासून लोक त्याला ‘भूकंपसाहेब’ म्हणायला लागले, आणि ‘अहो, मी कुठला साहेब’ असं त्यानं एकदाही म्हटलं नाही. घोळ तिथंच सुरू झाला.

बोरतळी जळकोटच्या वरच्या अंगाला, पलीकडची बरड नांदेड जिल्ह्याची. लातूर वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि त्यातली तीन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. आडात पोहरा सोडला की खणकन खडकावर आपटायचा. त्यात उन्हाळ्याच्या तोंडाला जमीन गुरगुरायला लागली. उतरंड हलायची, पत्रे थरथरायचे, बांधलेली जनावरं दावं तोडायला बघायची. ती गुरगुर कशाची, ते आजवर कुणी छातीठोक सांगू शकलेलं नाही. लोकांनी अर्ज केले. नव्या जिल्ह्याला काहीतरी करून दाखवायचं होतं, त्यांनी खात्याला कळवलं, आणि खात्यानं नांदेडहून एका जीपमध्ये यंत्र आणि चांदपाशा असे दोन्ही डाग पाठवून दिले.

यंत्र बसलं जनावरांच्या दवाखान्याच्या रिकाम्या खोलीत. फरशी उकरून खडक उघडा केला, त्यावर एक जड डबा ठेवला, डब्यातून तार, आणि तारेच्या टोकाला फिरणारा रोळ. रोज सकाळी चांदपाशा रॉकेलची चिमणी भडकवून गुळगुळीत कागदाला काजळी धरायचा आणि तो कागद रोळावर चढवायचा. रोळ फिरायचा, सुई काजळी खरवडत पांढरी रेघ ओढायची, दर मिनिटाला एक खूण. जमीन हलली की रेघ हलायची. दुसऱ्या दिवशी कागद लाखेच्या पाण्यातून काढून वाळवला की रेघ पक्की व्हायची. तोवर नुसतं बोट लागलं तरी सगळं पुसलं जायचं.

हे काम तो लई निगुतीनं करायचा. खोटं कशाला बोला.

शिकवणीच्या वेळी एका म्हाताऱ्या साहेबानं त्याला परदेशातल्या एका ज्वालामुखीची रेघ दाखवली होती. आधी नुसती बारीक टोकं. खालचा वितळलेला रस वर यायला वाट करतो, तेव्हा खडक फुटतो, त्याची ती टोकं. मग टोकं संपतात आणि जाड, एकसारखा पट्टा सुरू होतो. म्हणजे वाट मोकळी झाली आणि रस वाहायला लागला. त्या पट्ट्यानंतर नवव्या तासाला डोंगराचं टाळकं उडालं. खालच्या तीन वस्त्या गेल्या. माणसं पळता पळता भाजली, आणि राख उकरली तेव्हा आयांच्या कडेवर पोरं तशीच होती. साहेबानं हे सांगितलं, आणि पुढं म्हणाला, “तुमच्या मराठवाड्याचा काळा पाषाण म्हणजे हाच रस, पण तो निवून सहा कोटी वर्षं झाली. तिथं भ्यायचं कारण नाही.” चांदपाशाला टोकं लक्षात राहिली, पट्टा लक्षात राहिला, भाजलेली माणसं तर डोळ्यांपुढून हलेनात. शेवटचं वाक्य तेवढं विसरला.

गावात त्याचा जीव लागला तो लिंबाजीच्या घरी. लिंबाजी बौद्धवाड्यातला, दोन एकरांचा धनी. दवाखान्यापासून तीनशे पावलांवर त्याचं रान. सरकारी योजनेत त्याला विहीर मंजूर झाली होती आणि दिवसाआड सुरुंग लावून तो खडक फोडत होता. खाली लिंबाजी, वर चाकावर त्याची बायको पंचशीला. दगडाची एकेक पाटी ती वर ओढायची आणि काठावर रचायची. चांदपाशाची भाकरी तिच्याच चुलीवरून यायची. पैसे विचारले तर ती म्हणायची, “भाऊ म्हनतो आन् भाकरीचा भाव इचारतो व्हय?” चाळीस हातांवर खडक ओला लागला, तेव्हा लिंबाजीनं ओली माती मुठीत धरून त्याला आणून दाखवली होती. तीन सालांत गावानं अशी माती बघितली नव्हती.

ही ओल एका माणसाला खुपली. किशनराव. गावातला दांडगा शेतकरी. लिंबाजीच्या रानाला लागून त्याचा मळा, मळ्यात जुनी खोल विहीर, आणि विहिरीवर डिझेलचं इंजन. गावाच्या तोंडाला पाणी नसताना किशनरावाचा ऊस उभा होता. आणि झरा एकच आहे, हे किशनरावाला चांगलं ठाऊक होतं.

त्यानं चांदपाशाला चहाला बोलावलं. बसायला गादी, पुढं बशीत बेसनाचे लाडू, आणि भोवती गावातले पाच-पन्नास लोक.

“पाशाभाई,” किशनराव म्हणाला, “तुमी शिकलेलं मानूस. आमी अडानी. सांगा, खाली काय हाय?”

झालं. हरभऱ्याच्या झाडावर चढायला माणसाला शिडी लागत नाही. चांदपाशानं पिशवीतून वाळलेला कागद काढला, मांडीवर पसरला. कागदावर टोकं होती. आणि यंत्र बसल्यापासून महिनाभर रोज सकाळी सुरू होणारा, दिवसभर चालणारा एक जाड, एकसारखा पट्टा होता. तो पट्टा बघून चांदपाशाची स्वतःचीच पाचावर धारण बसली होती. खात्याला पत्र टाकलं होतं, उत्तर आलं नव्हतं. ‘मला नक्की माहीत नाही’ एवढे चार शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? पण लोक त्याच्या तोंडाकडं बघत होते.

“ज्वालामुखीत रस सरकतो, तवा अशीच रेघ येती,” तो म्हणाला. आणि मग ते तीन वस्त्यांचं, भाजलेल्या माणसांचं, कडेवरच्या पोरांचं सगळं रंगवून सांगितलं.

किशनरावानं शांतपणे एका मोठ्या टोकावर बोट ठेवलं. “आन् हे?”

“हा सुरुंग. लिंबाजीचा.”

“म्हंजी सुरुंगानंतर पट्टा.”

“हाव, पन...”

“पन काय? तुमचाच कागद बोलून राहिला.” किशनराव लोकांकडं वळला. “ऐकलं का? खाली आग हाय आन् ह्यो वरचं झाकन फोडून राहिला.”

चांदपाशाला तिथं बोलता आलं असतं. तो लाडू खात बसला.

जिभेला हाड नसतं, आणि गावाच्या जिभेला तर अजिबात नसतं. दोन दिवसांत कुणाच्या आडातून वाफ निघाली, कुणाच्या पायाला रानात चटका बसला, कुणाच्या म्हशीनं गरम पाण्याला तोंड लावलं नाही. लिंबाजी हसला. “पाशाभाई, तू बी कमाल केलीस. मी खाली उतरतो, मला थंडी वाजती, आन् तू आग दावून राहिलास.” पंचशीला मात्र हसली नाही. तिनं भाकरी ठेवली आणि सरळ विचारलं, “भाऊ, तुला खरंच म्हाईत हाय का?” चांदपाशानं मान खाली घातली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला पट्टा थांबला.

थांबला म्हणजे तुटावा तसा थांबला. आत्तापर्यंत जाड, आणि पुढच्या खुणेला सरळ पांढरी रेघ. डोंगर फुटायच्या आधी असंच गप्प होतं, असं साहेब बोलला होता. तो दारात आला. बाहेर सगळं चिडीचूप. काहीतरी ऐकू येत नव्हतं. रोज येतं, आज येत नाही, ते काय? आणि मग त्याला कळलं. किशनरावाच्या इंजनाची टकटक बंद होती.

त्यानं पिशवीतले महिन्याभराचे कागद जमिनीवर ओतले. पट्टा सकाळी सहाला सुरू, संध्याकाळी सहाला बंद. दुपारी एक तास खाडा, गड्यांच्या भाकरीचा. बाजारच्या दिवशी पट्टाच नाही. पृथ्वीच्या पोटातला रस काय जळकोटचा बाजार पाळतो? कल्हईवाल्याच्या पोराला एवढं महिनाभर दिसू नये. इंजनाच्या ठोक्यांचा त्यानं ज्वालामुखी केला होता.

पण मग इंजन आज अवेळी बंद का झालं? मळ्यातले गडी गेले कुठं?

सुई उडाली.

मोठं, सुटं टोक. मागं थरथरीचं शेपूट नाही. म्हणजे खोलातलं नव्हे, जवळचं, वरचं. लगेच दुसरं. मग तिसरं, चौथं, आणि मग सुईला उसंतच मिळेना. सुरुंग असा नसतो. हे दगड होते. जड दगड उंचावरून खाली खडकावर पडत होते, एकामागून एक. तीनशे पावलांच्या आत उंचावरून दगड पडावेत अशी एकच जागा होती.

चांदपाशा वहाणा न घालता पळत सुटला.

रानात शंभरेक माणूस होतं. किशनरावाचे गडी पुढं, बाकीचं गाव मागं. चाक मोडून पडलं होतं, दोर तोडून फेकला होता. पंचशीलानं स्वतःच्या हातानं वर काढून रचलेला ढीग ते पहारी लावून परत विहिरीत लोटत होते. दोन माणसांनी तिचे केस धरून तिला मातीत दाबलं होतं. तिचा डावा हात कोपरातून भलतीकडंच वळला होता. आणि ती बेंबीच्या देठापासून एकच ओरडत होती, “मानूस हाय खाली. अरे, मानूस हाय.”

हे त्यांना माहीत नव्हतं असं समजू नका. पहिला धोंडा गेला तेव्हा खालून लिंबाजीची हाक सगळ्यांनी ऐकली होती. दुसरा धोंडा त्या हाकेवरच टाकला.

चांदपाशा गर्दीत घुसला. “इंजन हाय ते,” तो ओरडत होता, “आग न्हाई, इंजनाचा हादरा हाय. मी चुकलो, ऐका, मी चुकलो.” एकाची पहार त्यानं धरली. ती हिसडून त्याच पहारीच्या मागच्या टोकानं त्याच्या कपाळावर हाणलं. तो पडला तसा लाथा बसल्या, तोंडावर, बरगड्यांवर. रक्तानं एक डोळा बंद झाला. उरलेल्या डोळ्यानं त्याला किशनराव दिसला, छत्री धरून उभा.

“तुमीच सांगितलं न्हवं, साहेब?” किशनराव म्हणाला.

अर्ध्या घटकेत ढीग संपला. ढीग संपला तसा लोकांचा आवेशही संपला. माणसं एकमेकांकडं बघेनाशी झाली. धुरळा खाली बसला आणि किशनराव सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, “हीर ढासळली. धरनीनं घेतला त्याला. कुनी काय केलं न्हाई.” माणसं पांगली. थोड्या वेळानं मळ्यात इंजन सुरू झालं. जसं काही झालंच नव्हतं.

पंचशीला एका हातानं दगड उपसत होती. तिची नखं निघाली होती. चांदपाशा तिच्याशेजारी आला, आणि त्याला काय सुचलं कोण जाणे, तो तसाच खोलीकडं परत पळाला. माणूस जिवंत असेल तर हलेल. हलेल तर दिसेल.

कागदावर दगडांचं रान माजलं होतं. त्यानंतर थोडी सरळ रेघ, आणि सरळ रेघेत काहीतरी बारीक. पण लगेच तो पट्टा, तो इंजनाचा जाड पट्टा. त्यानं सगळं गिळून टाकलं. चांदपाशानं कोपऱ्यातली पहार उचलली. पिढ्यानपिढ्या भांड्याला पोचा येऊ न देणाऱ्या घरातला माणूस तो, पण मळ्यात जाऊन त्यानं इंजनावर असे घाव घातले की डिझेलची नळी तुटली, पंपाचं बीड फुटलं, चाकाचा तुकडा उडून उसात गेला. राखणीचा गडी आडवा आला, त्याच्या गुडघ्यावर पहार बसली. हाड मोडल्याचा आवाज आला. चांदपाशा थांबला नाही, मागं वळलाही नाही.

खोलीत आला तेव्हा रेघ सरळ होती. मग तीन टोकं. बारीक, मुंगीच्या पायाएवढी. थोडं थांबून परत तीन. खाली कुणीतरी लोखंडानं खडक ठोकत होतं.

त्यानं रोळ थांबवला, कागद कडांनी धरून उतरवला, काजळी धरून ठेवलेला नवा चढवला, आणि तो कागद अंगापासून लांब धरून रानात आला. तोवर बौद्धवाडा काठ्या, कुऱ्हाडी घेऊन आला होता, किशनरावाच्या घराकडं निघायच्या बेतात होता. चांदपाशानं कागद पंचशीलासमोर धरला. ती बघत राहिली. मग उठली आणि कुऱ्हाडवाल्यांना म्हणाली, “घर मागनं जाळा. आधी त्याला काढा.”

काढायला लागले. तासाभरानं, दगड टाकणाऱ्यांतलेही पाच-सातजण खाली माना घालून आले आणि पाट्या उचलायला लागले. त्यांना कुणी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. उपसताना हादऱ्यानं रेघ भरून जायची, म्हणून चांदपाशानं एक ठरवून दिलं. त्यानं खोलीच्या दारातून पटका हलवला की सगळ्यांनी हातातलं काम थांबवायचं, पायसुद्धा हलवायचा नाही. शंभर माणूस श्वास धरून उभं राहायचं. तो आत जाऊन रेघ बघायचा, बाहेर येऊन हात वर करायचा. म्हणजे लिंबाजी हाय. परत पाट्या चालू.

एकदा हात वर केला, दोनदा केला, चारदा केला.

पाचव्या खेपेला टोकं दोनच होती. सहाव्या खेपेला रेघ सरळ. चांदपाशा सुईपुढं बसून राहिला. या अल्ला, एक. एकच दे. सुई हलली नाही. बाहेर सगळे त्याच्याकडं बघत होते, पंचशीला सगळ्यांच्या पुढं. न्हाई म्हटलं तर निम्मे जण पाट्या टाकून जातील. त्यानं हात वर केला.

पाच वाजता वर आलेला दगड ओला होता.

काठावरचा एकजण म्हणाला, “पानी लागलं.” तीन सालांत पहिल्यांदा त्या गावात पाणी लागलं होतं. चांदपाशाला मात्र लगेच उमगलं. झरा एकच. किशनरावाचं इंजन तो झरा दिवसभर ओढायचं, रात्री झिरपलेलं पाणीही सकाळी सकाळी ओढून घ्यायचं, म्हणून लिंबाजी विहिरीत उतरायचा तेव्हा नुसती ओल असायची. इंजन बंद झालं की पाणी चढणार. आणि इंजन चांदपाशानं मोडलं होतं, ठोकणं ऐकू यावं म्हणून.

“बारड्या आना,” तो ओरडला, “घागरी आना, कळश्या आना, पानी उपसा.” पाण्यासाठी एकमेकांची डोकी फोडणारं गाव त्या दिवशी रांग करून पाणी रानात ओतत होतं. शेवटचा धोंडा निघाला तेव्हा ऊन उतरलं होतं. लिंबाजी कपारीत सापडला. दगडांनी त्याला मारलं नव्हतं. कंबरेपर्यंत चेपून धरलं होतं, तेवढंच. पहार हातात होती. पाणी त्याच्या नाकाच्या वर चार बोटं होतं.

पंचशीलानं पदरानं त्याचं तोंड पुसलं. ती रडली नाही. रडायला बसली असती तर तिला उचलायला कुणी तरी पुढं झालं असतं, आणि तिला कुणाचा हात नको होता.

उदगीरहून फौजदार आले. किशनराव तयारीत होता. “साहेब, दगडानं मेला न्हाई मानूस, बुडून मेला. डाक्टरला इचारा. पानी कुनी चढवलं? माझं इंजन ह्यानं फोडलं, माझ्या गड्याचा पाय ह्यानं मोडला. आन् आग हाय म्हनून गावाला भेव कुनी घातलं? ह्यानंच.”

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

चांदपाशानं लाखेतून काढलेले दोन्ही कागद फौजदारांपुढं ठेवले. इंजन कोणत्या मिनिटाला बंद झालं, पहिला धोंडा कधी पडला, एकूण किती पडले, आणि त्यानंतर लिंबाजी किती वेळ जिवंत होता, सगळं त्यात होतं. आपण लाडू खात काय बोललो तेही त्यानं सांगितलं. सहाव्या खेपेला रेघ सरळ असताना हात वर केला, तेही सांगितलं.

फौजदारांनी पेनचं टोपण काढलं आणि म्हणाले, “तुमचं नाव कुठं घालू? साक्षीदारात की आरोपीत?”

चांदपाशानं पंचशीलाकडं बघितलं. ती भिंतीला टेकून बसली होती, मोडका हात मांडीवर. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही.

“दोन्हीकडं लिवा,” ती म्हणाली.